जुन्या सेलचा नियम

लग्नाचे फोटो काढायला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते फ्लॅशगनचे निकेल-कॅडमियम सेल पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू देत नसत. अर्धवट भरले की सेलला तीच सवय लागते, असं ते सांगायचे. त्या सेलपुरतं त्यांचं बरोबरच होतं. तोच नियम मी डिजिटल कॅमेऱ्याच्या लिथियम-आयन बॅटरीला लावला, ही माझी चूक. काम आटोपल्यावर बॅटरी थोडी शिल्लक दिसली, की मुद्दाम कॅमेरा चालू ठेवून ती संपवायचो.

लिथियमला अशी सवय लागतच नाही. तिला सोसत नाही ते उलट पार रिकामं होणं. माझ्या बॅटरीत दोन सेल एकापुढे एक जोडलेले होते. पूर्ण भरल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे मिळून ८.४. सेल तीन व्होल्टच्या आसपास आला की तो रिकामाच समजायचा. पावसाळ्यात मुहूर्त नसतात. अशी रिकामी बॅटरी मी कॅमेऱ्यातच ठेवून कपाट बंद केलं. बंद कॅमेराही थोडी वीज ओढतो, बॅटरी स्वतःही हळूहळू उतरत राहते, याचा मी विचारच केला नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर चार्जरला लावली, तर दिवा नुसता भराभर लुकलुकायला लागला. चार्जर बिघडला असं ठरवून मी नवा आणला. तोही तेच करू लागला. खरं तर तो मला सांगत होता, की ही बॅटरी भरू नको. पण मी दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून हिला क्षणभर ‘धक्का’ दिला. व्होल्टेज वर आलं, चार्जरने ती घेतली आणि पैसे वाचले म्हणून मी खूश झालो.

सेल फार खाली गेला की त्यातला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा भरताना तेच तांबं आत भलत्या जागी साचतं आणि शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी मी माणसांनी भरलेल्या मांडवात गळ्यात अडकवून फिरलो. याची भीती मला आजही वाटते.

पुढे एका हळदीच्या दुपारी कप्प्याचं झाकण उघडून खटका सरकवला, तर बॅटरी वर आलीच नाही. एरवी स्प्रिंग तिला बोटभर तरी वर ढकलते. मी बारीक पेचकस कडेने घातला आणि उचकटायला लागलो. प्लॅस्टिक करकरलं तेव्हा कुठे नीट पाहिलं. बॅटरीची सपाट बाजू फुगून कप्प्याच्या भिंतीला घट्ट टेकली होती. टोक आणखी आत गेलं असतं तर सेल फुटून हातातच पेट घेऊ शकला असता. पुढचे फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यावर काढले. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा खोलून ती जराही न दाबता बाहेर काढली आणि लगेच कॉन्टॅक्टवर चिकटपट्टी लावली.

आता कॅमेरा पडून राहणार असेल तर बॅटरी काढून, अर्धी भरून, गारव्याला ठेवतो. अधूनमधून तपासतो. ‘बॅटरी संपल्याचं दाखवतोय’ म्हणून कोणी कॅमेरा आणला, तर आधी कॉन्टॅक्ट कोरड्या कापडाने पुसून बघायला लावतो. पुष्कळदा तेवढंच असतं. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, म्हणून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिली. देताना ती फुगलेली आहे हे सांगितलं आणि वेगळी ठेवायला लावली.