जंगलवाटेवरचा साधा प्लग

विजेच्या गाडीने दूरचा प्रवास म्हटला, की चर्चा महामार्गावरच्या जलद चार्जरपाशीच अडते. पण चंद्रपूर ओलांडून आलापल्ली, भामरागड किंवा सिरोंचाकडे वळले, की हिशेब बदलतो. अंतरे एवढी, की वाटेत रात्रीचा मुक्काम करणेच शहाणपणाचे. मुक्कामी 15 अँपिअरचा साधा प्लग मिळाला, तरी दहा तासांत सुमारे 30 युनिट वीज भरते. युनिटला सहा किलोमीटर धरले, तरी 180 किलोमीटरची बेगमी झाली. म्हणून मला वाटते, या वनजिल्ह्यांना मोजक्या महागड्या चार्जरपेक्षा विश्रामगृहांतल्या भरवशाच्या प्लगची गरज अधिक आहे.

कुणी म्हणेल, जंगलात वीजच टिकत नाही. खरे आहे, पण ती अडचण गाडीआधी तिथल्या घरांची, दवाखान्यांची आहे. पर्लकोटा नदीच्या पुरात भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा पेट्रोलची गाडीही थांबतेच. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ही वीज येते कोळशातून. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, आणि त्याचा धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला. तरीही पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवते. मोटर मिळालेली बहुतेक वीज चाकांना देते. शिवाय सौरऊर्जा वाढेल, तशी रस्त्यावरची तीच गाडी अधिक स्वच्छ होत जाईल. राज्याला उजेड देणाऱ्या या मुलखाला अखंड वीज आणि खात्रीचा प्लग आधी मिळायला हवा. जलद चार्जरचे नंतर पाहता येईल.