मुशीच्या काचेतलं सोनं

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, झारेकरी (कचऱ्यातून सोनं काढणारे) दागिने घडवणाऱ्या कारागिरांकडून कचरा विकत घेतात, तोही घासाघीस करून. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही उमगेचना. पोत्यात काय, तर झाडलोट, वापरलेले पॉलिश कागद, हात धुतल्याचा गाळ आणि फुटक्या मुशी. सोनं वितळवताना घातलेल्या सवागीची (टाकणखाराची) काळपट काच मुशीला आतून चिकटलेली असते. मी ज्यांच्या हाताखाली शिकतोय ते मामा आधी तीच काच खलात कुटायला देतात. भिंगाखाली धरली तर तिच्यात मोहरीहून बारीक पिवळे मणी अडकलेले दिसतात.

कुटलेला भुगा घमेल्यात, पाण्याखाली, गोल गोल फिरवायचा. सोनं पाण्याच्या १९ पट जड, काच जेमतेम अडीच पट. काच वाहून जाते, सोनं तळाशी बसतं. पुस्तकात हे सोपं वाटतं. घमेलं हातात आल्यावर मात्र कुठलं काळं ठेवायचं नि कुठलं सोडायचं तेच कळेना, कारण कानशीचा लोखंडी कीसही तळालाच राहतो. तो मामा चुंबकानं काढतात.

पुढचं तर अजबच. मिळालेल्या सोन्यात चांदी-तांबं असतं, आणि ते काढायला त्यात आणखी चांदी घालायची! एक भाग सोनं, तीन भाग चांदी. सोनं जास्त असलं तर चांदी-तांबं विरघळवणारं तेजाब (नायट्रिक आम्ल) आतपर्यंत पोचतच नाही. तेजाबात टाकताच तांबूस वाफा उसळल्या, पाणी निळं-हिरवं झालं आणि तळाशी उरला मातकट तपकिरी गाळ. मी सोनं शोधतच राहिलो.

"बघतोस काय? त्योच की सोनं!" मामा म्हणाले.

गाळ धुऊन वितळवला आणि पिवळाधमक झाला. त्या निळ्या-हिरव्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली की चांदीही राखाडी भुकटी होऊन परत मिळते.

अगदी बारीक कण मात्र पाऱ्यात धरतात आणि पारा तापवून उडवतात. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती फुप्फुसांतून रक्तात आणि मेंदूपर्यंत जाते. मामांचे हात हल्ली थरथरतात. तपासून घ्यायला ते तयार नाहीत. पाऱ्याला आवर घालणाऱ्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मंजुरी दिली, पण आमच्या खोलीत अजून साधा धूर ओढणारा पंखाही नाही. सराफांनो, कचऱ्याचा भाव जरूर करा. पण तुमच्या झारेकऱ्याला पाऱ्याची वाफ थंड करून परत धरणारं बंद भांडं आणि तो पंखा, एवढं तरी घेऊन द्या.