माणच्या वाटेवर छप्पन्न गाणी

गेल्या चैत्रात चिरंजिवांनी मोटार हाकायची आणि मी शेजारी बसून त्याला माणदेश दाखवायचा, असा बेत ठरला. चिरंजिवांनी एक अट मात्र घातली. वाटेत त्याची एक आवडती इंग्रजी ध्वनिमुद्रिका मी आरंभापासून अखेरपर्यंत, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकायची. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला ही अट किती जाचक, हे सुज्ञ वाचकांस सांगायला नकोच!

‘द डार्क साइड ऑफ द मून’ हे तिचे नाव. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाने ती १९७३ साली काढली. कोरेगाव सोडले तेव्हा ती सुरू झाली आणि पुसेगाव मागे पडून दहिवडीकडचे उघडे माळ दिसू लागले तेव्हा संपली. तुकडे दहा, पण बहुतेक ठिकाणी एक कुठे सरला आणि दुसरा कुठे लागला ते उमगू नये. मध्येच घड्याळांचे गजर, नाण्यांची खणखण, कुणाची तरी पुटपुट. काळ, पैसा, मरण आणि वेड यांचा हा सगळा पसारा. प्रारंभी ऐकू येतात ते हृदयाचे ठोके, आणि अखेरीसही तेच.

“अरे, एका सूत्रात ओवलेली गाणी आपल्याकडे १९५५ सालीच झाली आहेत,” मी न राहवून म्हणालो, “आणि ज्याने ती लिहिली तो याच मुलखातला!”

“गीतरामायण ना? पण बाबा, तुम्ही तरी ते सगळं क्रमानं ऐकलंय का?”

मी गप्प बसलो. छप्पन्न गाण्यांतली पंधरा-वीस मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो, पण सुटी सुटी. घरी वडील कॅसेट लावीत, तीही रामाच्या जयजयकाराशी येऊन थांबे. मंगल ठिकाणी थांबावे, असे ते म्हणत.

मग दुसरी अट मी घातली. आता छप्पन्नही ऐकायची, क्रम न मोडता.

गीतरामायण १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि पुढल्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत आठवड्यास एक नवे गीत, असे चालले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे कितीतरी गळे होते. बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातली मुद्रणे, जी आपल्या घराघरांत आहेत, ती पुढची.

ती ऐकत आम्ही गोंदवल्यास गेलो. ब्रह्मचैतन्य महाराजांनी रामनामाचा ध्यास लोकांना लावला तो इथूनच. पुढे म्हसवड, दिघंची, आटपाडी आणि माडगुळे. कवीचा जन्म १९१९ सालचा, तो जवळच्या शेटफळ्यात, आजोळी. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी दोनशे इंचांवर पाऊस कोसळतो आणि माणात वीस इंचांची मारामार! बाभळी, माळरान, मेंढरांची खिल्लारे. आता टेंभूच्या पाण्याने आटपाडीकडे डाळिंबाचे मळे दिसतात खरे. पण मैल दोन मैल गेले की पुन्हा तोच फुफाटा. या गावातल्या एका भावाने १९५५ साली अयोध्येची शरयू गाइली, आणि त्याच साली दुसऱ्या भावाची, व्यंकटेशांची, ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने आली. तिच्यात दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते. हे दोन्ही एकाच घरातले, हे मला ठाऊक होते. पण त्या मातीत उभा राहिल्यावाचून पटले नव्हते.

मुक्काम करून दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेने परतताना चिरंजिवांनी गाडी कुळकजाईकडे वळवली. इथल्या सीतामाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते. रामाने टाकलेली सीता इथेच राहिली, अशी लोकांची समजूत आहे. शेवटची दोन गाणी त्याने मुद्दाम राखून ठेवली होती, हे मला तिथे कळले. चैत्र असल्यामुळे ओघळीत नुसते दगड. पायथ्याशी गाडी उभी करून त्याने सीतेचे गाणे लावले, वनात सोडलेल्या सीतेने लक्ष्मणाला विचारलेल्या प्रश्नाचे. पाठोपाठ अखेरचे. त्यात वाल्मीकी कुशलवांना गायला पाठवतात, आणि पहिल्या गाण्यात तेच दोघे रामापुढे गात असतात. म्हणजे शेवट पुन्हा आरंभाला जाऊन मिळतो!

“बघा, ठोके!” चिरंजीव म्हणाला.

पण माझे मन सीतेच्याच गाण्यात अडकले होते. आमच्या घरी आत्या असे. तिला नवऱ्याने टाकले होते. वडील ‘मंगल ठिकाणी’ का थांबत, ते त्या डोंगराशी, चाळिशी उलटल्यावर मला कळले.

“आत्याआजीनं हे कधी ऐकलंच नसेल?” चिरंजिवांनी विचारले.

ऐकले होते. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडील कचेरीत गेले होते. तिने हात पदराला पुसले, कॅसेट शोधून ते गाणे लावले आणि परातीतल्या शेंगा निवडीत बसली. संपल्यावर तिने मला कॅसेट मागे फिरवायला सांगितली, जिथे होती तिथे.