नैवेद्याबाहेरचे पक्वान्न

मराठी घरात मंगल प्रसंगी कोणतीही वस्तू फुटत नाही, तुटत नाही, विझत नाही. नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. हातातली बांगडी पिचली तर ती ‘वाढली’ असेच म्हणावयाचे. देवापुढचा दिवा विझत नाही, शांत होतो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. ‘वाढणे’ या एका क्रियापदावर या भाषेने केवढा भार टाकला आहे! मूल वाढते, पानात अन्न वाढले जाते, आणि जे मोडले त्याचेही वाढणेच होते. हिंदी भाषकाने वर्षाला गाठ मारून ‘वर्षगाँठ’ म्हटले. मराठीने जन्मदिवसाला ‘वाढदिवस’ म्हणून तो याच क्रियापदाच्या पदरात घातला.

अशा भाषेत केक आला तो सुरी आणि फुंकर घेऊन. या दोहोंसाठी मराठीने पर्यायी शब्द शोधल्याचे दिसत नाही. केक कापतात आणि मेणबत्ती विझवतात, तीही वाढदिवसाला. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच टीका होत आली आहे : आपली संस्कृती दिवा लावण्याची, त्यांची विझवण्याची. टीका वाचायला बरी वाटते. तीत एक प्रश्न मात्र कधी विचारला जात नाही, तो असा की, हा दिवा लावून तबक हाती धरण्याचा अधिकार घरातल्या कोणत्या बाईला आहे?

१९८१ च्या फेब्रुवारीत जबलपुरातील एका मराठी घरापुढे नेमका हाच प्रश्न होता. तीन पिढ्यांमागे रत्नागिरीकडून तिकडे गेलेले ते घर. बोलण्यात ‘अपन’ आणि ‘आपण’ एकमेकांत मिसळलेले, परंतु सणवार, सोवळेओवळे सारे कोकणातून नेलेले आणि तेथल्यापेक्षा अधिक काटेकोरपणे जपलेले. (घरापासून दूर गेलेली माणसे रीतिरिवाजांच्या बाबतीत अशीच हट्टी होतात.) आदल्या श्रावणात घरातला कर्ता पुरुष अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला. मागे त्याची आई, बायको आणि आठवे वर्ष लागण्याच्या बेतात असलेली मुलगी. घरात पुरुष माणूस नाही. आता त्या घरात सुवासिनीही नव्हती, कारण सासू पंधरा वर्षांपूर्वीच विधवा झाली होती आणि सून त्या श्रावणात.

वर्ष पाळायचे होते. गणपती शेजाऱ्यांच्या हातून बसला. दिवाळीत आकाशकंदील लागला नाही, फराळाची कढई चढली नाही. उंबऱ्यापुढे रांगोळी नव्हती. पुरण, श्रीखंड, बासुंदी, ज्या ज्या पक्वान्नाला सणाचा वास आहे ते सारे वर्षश्राद्धापर्यंत बंद. मुलीचा वाढदिवस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येत होता आणि तिने तो विचारलाच नव्हता. मुले मागतात तेव्हा त्यांना समजावता येते. ती आपण होऊन मागेनाशी होतात तेव्हा मोठ्यांची झोप उडते.

तोड काढली ती सासूने. सुनेला ती म्हणाली, “पुरण घालता यायचं नाही, खीरसुद्धा नको. पण सूनबाई, त्या तुमच्या केकाचं कुठल्या पोथीत काही लिहिलेलं नाही. त्याला कुठलं वर्ष नि कुठलं सुतक? अंडं तेवढं घालू नकोस.”

हे बोलणे भाबडे मुळीच नव्हते. त्यामागे धर्मशास्त्र्याला शोभेल असा युक्तिवाद होता. निषेध हा नावाने होतो, आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याचा निषेधही नाही. केक नैवेद्याला चालत नाही, श्राद्धाला चालत नाही, कोणत्याही व्रताच्या उद्यापनाला चालत नाही. तो बाहेरचा आहे. म्हणूनच जेथे घरच्या पक्वान्नांना दार बंद होते तेथे तो आत येऊ शकला. म्हातारीने चौकट मोडली नाही. चौकटीत जी फट होती ती तिने अचूक हेरली.

अंडे नको म्हटल्यावर केकचे काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. विलायती स्पंजमध्ये फेटलेल्या अंड्यातील हवा पिठाला उचलून धरते आणि उष्णतेने थिजलेले अंडेच ती उंची टिकवते. ते काढून घेतले की उचलणारा आणि धरून ठेवणारा असे दोन्ही आधार नव्याने शोधावे लागतात. गंमत अशी की हा शोध सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात लागलेला नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. म्हणजे एका बाईच्या पथ्यातून निघालेली पूड दुसऱ्या बाईच्या सोवळ्याला उपयोगी पडली. उंची टिकवण्याचे काम करते ते डब्यातले आटवलेले गोड दूध. त्याची कृती अमेरिकेत गेल बोर्डेनने ज्या वर्षी पेटंट केली ते वर्ष १८५६, आणि हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा हिंदुस्थानात झाला तोही १८५६ सालीच. दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. परंतु त्या घरात दुधाचा डबा पोहोचला आणि कायदा पोहोचला नाही, एवढे नमूद करावयास हरकत नसावी.

मापे सुनेने शेजारणीच्या वहीतून उतरून घेतली होती. सहा इंची भांड्यापुरता केक : सव्वाशे ग्रॅम मैदा, अर्धा डबा म्हणजे दोनशे ग्रॅम आटवलेले दूध, साठ ग्रॅम लोणी, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, आणि शेवटी शंभर मिलिलिटर सोडावॉटर. मैदा आणि दोन्ही पुडी तीन वेळा चाळून घ्यायच्या, एरवी सोड्याचा खडा एखाद्याच घासात सापडतो. लोणी परातीत तळहाताने फेसायचे. नानकटाईसाठी तूप फेसणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. लोण्याचा पिवळेपणा उतरून ते पांढरे आणि हलके झाले की हात आपोआप थांबतो. सोडावॉटर घातल्यावर मात्र घाई हवी. त्यातला वायू आणि पुडीतून सुटणारा वायू दोन्ही त्याच क्षणापासून निसटू लागतात. मिश्रण फार ढवळले तर मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो. येथे कष्टाळूपणा हा दोष ठरतो, आणि आयुष्यभर रगडून, मळून, घोटून स्वयंपाक केलेल्या बाईला हात आवरणे हेच सर्वांत कठीण जाते.

भट्टी नव्हती. ॲल्युमिनियमचे गोल विजेचे भांडे, झाकणाला काचेची खिडकी असलेले, त्या काळी पुष्कळ घरांत आले होते, पण या घरात नव्हते. प्रेशर कुकरमधून रबर आणि शिट्टी काढून टाकली आणि तळाशी दोन बोटे वाळू पसरली. वाळू ग्वारीघाटाची होती, चाळलेली, वाळवलेली. नर्मदेची वाळू म्हणून सासूच्या लेखी तिला विटाळ नव्हता. आदल्या श्रावणात अस्थी त्याच घाटावर सोडल्या होत्या. त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही.

वाळू दहा मिनिटे तापवून तिच्यावर भांडे ठेवले आणि आच मंद केली. सासू पाट घेऊन तेथेच बसली. विलायती म्हणून दूरचा वाटणारा हा पदार्थ आता तिच्या ओळखीचा होऊ लागला होता. कोकणातल्या तिच्या आजोळी तवशाचे धोंडस होत असे. काकडीचा कीस, तांदळाच्या कण्या, गूळ आणि नारळ एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचे, खाली मंद विस्तव ठेवायचा आणि वर झाकणावर निखारे. गोव्याकडचे बेबिंकही वरून दिलेल्या आचेवरच होते. नारळाचे दूध, अंड्यातला पिवळा बलक, साखर आणि मैदा यांचा एक पातळ थर भाजून तांबूस झाला की त्यावर तुपाचा हात देऊन दुसरा ओतावयाचा, असे सात किंवा त्याहून अधिक. नाताळातल्या या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची मोहोर मिळाली. तेव्हा थरांची आणि भाजण्याची विद्या पश्चिम किनाऱ्याला काही नवी नाही. कुकरकडे पाहून सासू एवढेच म्हणाली की, वरून विस्तव नाही, तेव्हा माथा पांढरा राहील. तसेच झाले. पन्नास मिनिटांनी विणकामाची सुई खुपसून पाहिली तेव्हा ती कोरडी निघाली, बाजू सुटून आल्या होत्या, बूड खरपूस होते आणि माथा फिकट. केक उलटा केला आणि बुडाचा माथा झाला.

तो रात्रभर फडक्याखाली ठेवला. ताज्या केकचे थर करू नयेत, भुगा होतो. सकाळी शिवणाचा दुपदरी दोरा कडेभोवती गुंडाळून दोन्ही टोके ओढली आणि केकच्या बरोबर दोन चकत्या झाल्या. सुरीपेक्षा दोरा सरळ जातो. मधल्या थराला संत्र्याचा मुरंबा लावला. नागपूरची संत्री जबलपुरास टोपल्यांनी येतात, आणि हा मुरंबा मृत्यूच्या आधीच्या हिवाळ्यात घातलेला होता.

आयसिंगचे लोणी शंभर ग्रॅम आणि घरी दळून मलमलीतून चाळलेली पिठीसाखर दोनशे ग्रॅम. बाजारचे लोणी खारे, म्हणून ते गार पाण्यात तीनदा धुऊन घेतले. पहिला हात अगदी पातळ द्यावयाचा. तो भुग्याला धरून ठेवणारे अस्तर असतो, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला अस्तराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. ते सुकल्यावर दुसरा, गुळगुळीत हात. सासूने देवघरातल्या डबीतून केशराच्या चार काड्या आणून दिल्या. त्या दुधात खलून आयसिंगचा तिसरा हिस्सा केशरी केला, आणि बटरपेपरच्या पुंगळीत भरून सून कड काढू लागली.

सात महिने त्या हाताने रांगोळीची एक रेघ ओढलेली नव्हती. आता चिमटीऐवजी पुंगळी होती, उंबऱ्याऐवजी सहा इंचांचा पांढरा गोल होता, पण हात तोच होता. त्यातून ठिपके उतरले, ठिपक्यांना वळणे आली आणि वळणांची वेल झाली. ती शुभचिन्हांची नव्हती, गोपद्मे नव्हती, स्वस्तिक नव्हते. निदान त्यांना तशी नावे नव्हती. मध्ये मुलीचे नाव आले. देवनागरी अक्षर लोण्यात लिहिताना आधी काना-मात्रा आणि शेवटी शिरोरेषा असा क्रम ठेवावा लागतो, एरवी रेषेच्या भाराने अक्षरे खाली घसरतात. बाजूने संक्रांतीचा काटेरी हलवा लावला. तो घरचा नव्हता, अर्थातच. वर्ष पाळणाऱ्या घरात बाहेरून आलेले गोड चालते, आणि शेजारच्या घरातून पसाभर हलवा आला होता.

आता तबकाकडे वळले पाहिजे. वाढदिवसाला औक्षण होते. निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी हे सारे तबकात असते, आणि ओवाळणारी सुवासिनी असावी लागते. जन्म दिलेली आई विधवा असेल तर तिने आपल्याच मुलावरून दिवा ओवाळू नये, ही रूढी ज्या समाजाने शतकानुशतके निमूटपणे चालवली त्या समाजाने मेणबत्तीवरच्या फुंकरीबद्दल हळहळावे, यात काही मेळ बसत नाही. १८५६ च्या कायद्याने लग्नाला वाट दिली. परंतु तबक कोणी धरावे हे कायद्याच्या कक्षेत येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. ठराव करावा लागला आणि त्याची बातमी झाली, या दोन्ही गोष्टी पुरेशा बोलक्या आहेत.

केकची सुरी कोणी धरावी याचा मात्र नियम नाही. ज्याला परंपरा नाही त्याला अधिकारभेदही नाही. संध्याकाळी शेजारची चार मुले आली. औक्षण नव्हते. आई मुलीच्या मागे उभी राहिली, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि सुरी दोन्ही थरांतून खाली गेली. आठ मेणबत्त्या होत्या. त्या विझवाव्यात की नाही यावर सासूने आधीच निकाल दिला होता : फुंकर नको, त्या जळून आपोआप शांत होऊ देत. त्यामुळे मेणाचे थेंब आयसिंगवर पडले आणि नावातले एक अक्षर गेले. जर्मन कवी गटे याच्या १८०१ मधील वाढदिवसाला गोथा येथील राजपुत्राकडून सुमारे पन्नास मेणबत्त्यांचा केक आला, त्याही अशाच वितळून वाहू लागल्या होत्या. मुलांच्या केकवर पुढच्या वर्षांसाठी जागा शिल्लक असते, तशी तेथे उरलेली नव्हती, असे गटेने लिहून ठेवले आहे.

या केकवर जागा भरपूर होती. मुलीने मेणाचा भाग सुरीने बाजूला काढला, पहिला तुकडा आजीला दिला आणि आजीने तो खाल्ला. मग तिने विचारले, “यात सोडा जरा जास्त झालाय का गं?” सुनेलाही तसेच वाटत होते.

श्रावणात वर्षश्राद्ध झाले, आणि पुढच्या फेब्रुवारीला नागपूरहून आत्या आली. तबक निघाले, निरांजन लागले, आत्याने भाचीला ओवाळले. आई दाराच्या चौकटीशी, अलीकडे, उभी होती. ओवाळणे संपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि केक घेऊन आली. या खेपेला सोडा पाव चमचा घातला होता, आणि मुलीने मागितले म्हणून थर तीन होते.