बागेचे फाटक

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बाया-माणसे, पोरेबाळे कुरमुऱ्यांची पिशवी घेऊन बागेकडे निघतो. चालत दहा मिनिटे. दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण राहणाऱ्यांना बाग म्हणजे काय, हे बंगलेवाल्यांना सांगून कळायचे नाही. आमच्या पोरांना अंगण नाही, म्हाताऱ्यांना ओटा नाही. परीक्षा जवळ आल्या की मुले बागेतल्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसतात.

मुंबईच्या उपनगरातली ही बाग गेल्या वर्षी नवी करायला घेतली. सहा महिने पत्रे ठोकलेले होते. उघडली तेव्हा आम्ही हरखलोच! नवे झोके, व्यायामाची यंत्रे, कारंजे, फोटो काढायला कमान. घसरगुंडीखाली पूर्वी फरशी होती, पोरांचे गुडघे फुटत. आता रबरी जमीन आहे. चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे.

पण फाटकाशीच अडले. गाड्या आत शिरू नयेत म्हणून तिथे फिरता लोखंडी दांडा बसवला आहे. आमच्या चाळीतली नऊ वर्षांची एक मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते. खुर्ची काही आत जाईना. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, "मावशी, खुर्ची राहू द्या इथंच, पोरीला उचलून न्या." आईने उचलून नेली. झोक्याला पाठ नाही, पट्टा नाही. तिला तोल सावरत नाही. शेवटी बाकावर बसून ती सगळ्या पोरांच्या चपला सांभाळत राहिली.

आम्हाला महाड आठवले. बोले यांचा ठराव १९२३ चा, नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे सर्वांचे होते. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तिथे माणसाला माणूस मानत नव्हते, इथे नुसती बेफिकिरी आहे, हा फरक आम्ही जाणतो. पण बाहेर राहिलेल्या मुलीला तो कसा समजावायचा?

संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक राबत्याच्या जागा आहेत. बाग त्यातच येते. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून तिथे कुणाला अडवता येत नाही. अपंगत्वाचा शब्द मात्र त्या कलमात नाही. तो हक्क पुढे १९९५ च्या आणि मग २०१६ च्या कायद्याने आला, आणि २०१६ च्या कायद्यात करमणुकीचाही उल्लेख आहे. बंगळुरूच्या कोल्स पार्कात तर २००६ च्या सुमारास अपंग मुलांच्या पालकांनीच 'किलीकिली' संस्थेमार्फत पुढाकार घेऊन सर्व मुलांना एकत्र खेळता येईल अशी सोय करून घेतली.

खर्च म्हणाल तर कारंज्याइतकाही नसावा. तीन फुटांची मोकळी वाट. एक फूट चढायचे तर बारा फूट लांबीचा उतार. पाठ आणि पट्टा असलेला एक झोका. खुर्ची खाली सरकेल एवढ्या उंचीवर वाळूची पेटी, म्हणजे बसल्या बसल्या हात घालता येईल.

विहारातल्या महिलांनी अर्ज लिहिला. त्यात आणखी एक मागणी घातली: बाग दुपारी बंद असते, आणि धुणीभांडी करणाऱ्या बायांना तेवढीच वेळ मोकळी मिळते. तीन खेपा झाल्या. साहेब एकदा जेवायला गेले होते, एकदा मीटिंगला. तिसऱ्या खेपेला आम्ही मुलीलाच खुर्चीसकट घेऊन गेलो. त्या कचेरीलाही चार पायऱ्या होत्या. साहेबच खाली आले.

मोठ्या फाटकाचे कुलूप आता रविवारी निघते. दुपारचे अजून काही नाही. झोकाही आलेला नाही.

गेल्या रविवारी खुर्ची वाळूच्या खड्ड्यापर्यंत गेली. वाळू खाली, ती वर. तिच्या भावाने माळ्याचे घमेले मागून आणले, वाळूने भरले आणि तिच्या मांडीवर ठेवले. मग बाकीची पोरेही तिथेच जमली, आणि चपला बाकाखाली तशाच पडून राहिल्या.