प्रवेशनोंदवहीत नसलेला रकाना

या स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीचे टिपण तयार करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले आणि त्या निमित्ताने जुन्या प्रवेशनोंदवह्या चाळण्याचा योग आला. इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदवहीतील मजकुराइतकेच तिचे रकानेही बोलके वाटतात. काय विचारायचे हे ठरविणाऱ्याने कशाला महत्त्व दिले, ते रकान्यांवरून कळते. आमच्या नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव आहे, जन्मतारीख आहे, जात व पोटजात आहे, पालकाचा व्यवसाय आहे, पूर्वीची शाळा आहे. मूल पाहते कसे, ऐकते कसे, चालते कसे, यासाठी मात्र एकही रकाना नाही. शेऱ्याच्या जागेत अधूनमधून ‘प्रगती नाही’, ‘लक्ष देत नाही’, ‘पालक घेऊन गेले’ असे त्रोटक शब्द आढळतात. त्यांपैकी कितीजणांना फळा दिसत नव्हता आणि कितीजणांना शिक्षकांचे बोलणे ऐकू येत नव्हते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. किती आले, एवढ्यावर न थांबता किती गळाले आणि का गळाले, हे विचारण्याची सवय आपल्या चळवळीला तेव्हापासूनची आहे. हीच सवय अपंग मुलांच्या बाबतीत आपण पुरती वापरलेली नाही, असे माझे मत आहे. ते मत कसे बनले, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. वाचनात तरबेज, अक्षर सुबक, शेवटच्या बाकावरून फळा वाचणारा. त्याच्या डोळ्यांविषयी शंका घेण्याचे वर्गात काही कारणच नव्हते. शंका आली ती स्वयंपाकघरातील मावशींना. संध्याकाळच्या जेवणाला हा मुलगा पंगतीतून जाताना हमखास कोणाच्या तरी ताटात पाय देई, शेजारचा पाण्याचा पेला सांडी. सकाळच्या जेवणाला असे होत नसे. रात्री लघवीला जाण्याऐवजी तो पहाटेपर्यंत कळ सोशी. मुले त्याला भित्रा म्हणून चिडवीत. “बाई, ह्यो घाबरत न्हाई, ह्याला दिसतच न्हाई,” असे मावशींनी मला सांगितले. निवासी शाळेचा हा एक लाभच म्हणावा लागेल. दिवसाच्या शाळेला मुलाची रात्र कधीच दिसत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रातांधळेपणाचे नाव निघाले, ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मिळाला, गाजर व पालेभाजी खाण्याचा सल्ला मिळाला. फरक पडला नाही. पुढे एका नेत्रतज्ज्ञाने बाहुली विस्फारून आतला पडदा पाहिला आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसा असे निदान केले. हा आनुवंशिक विकार आहे. प्रथम अंधारातली नजर जाते, मग कडेची, आणि मधली नजर पुष्कळदा बराच काळ टिकते. बांबूच्या नळीतून पाहावे तसे मूल जगाकडे पाहते. नळीच्या टोकाशी असलेले अक्षर त्याला स्वच्छ दिसते. पायाशी असलेली बादली दिसत नाही. नात्यात लग्न झालेल्या घरांत असे आनुवंशिक विकार अधिक आढळतात, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आजही पूर्ण गेलेली नाही. या मुलाचे आईवडील आतेमामे भावंडेच होत. सर्वांना लागू पडेल असा उपचार या विकारावर अद्याप नाही, हे डॉक्टरांनी न लपविता सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. कारण तोवर वडिलांनी थेंब, भस्म आणि मात्रा यांवर सेंटरिंगच्या मजुरीतले बरेच पैसे घालविले होते.

घरी आजीने ‘मागल्या जन्माचं’ असा निर्वाळा दिला. घर १९५६ पासून बौद्ध, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तरीही हा शब्द! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धविचाराशी विसंगत ठरविली आहे. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी टाळायला समाजाला आणि शासनाला ती सोयीची पडते, असेही बजावले आहे. अपंग मुलाच्या घरात ही चर्चा तात्त्विक उरत नाही. कर्म म्हटले की दाखला काढायला कोणी जात नाही.

दाखल्याचाच प्रश्न सर्वांत कठीण ठरला. आईला मी शाळेत बोलावून घेतले. ती म्हणाली, “बाई, जातीचा एक दाखला हाय की. आता आंधळ्याचा बी गळ्यात बांधायचा का?” या प्रश्नाला झटपट उत्तर देऊ नये असे मला वाटले. ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाने ओळखले गेले, त्या समाजातील बाई आणखी एक शिक्का नाकारते, तेव्हा तिच्या नकाराला इतिहास असतो. नावाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यात आला, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध करून सभात्याग केला होता. आज सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ हा शब्द आला आहे. अवयव दिव्य म्हटल्याने रस्त्यावरचा अडथळा दूर होत नाही, उलट देणाऱ्याचे समाधान होते, असे मला वाटते. म्हणून कागदाचा विषय निघेल तेथेच मी तो शब्द वापरते. पण नाव आवडो न आवडो, हक्क त्या कागदातून जातो, हेही आपणच जातीच्या दाखल्यावरून शिकलो आहोत. आईला मी एवढेच म्हटले, “ताई, जातीचा दाखला काढला म्हणून आपण जात मान्य केली असं होतं का?” ती त्या दिवशी काही न बोलता गेली. पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला, कागद कोणते लागतात म्हणून.

मग सुरू झाला माहितीचा शोध, आणि येथे मला सविस्तर लिहिणे भाग आहे. हा दाखला आता ऑनलाइन अर्ज करून मिळतो. सोबत यूडीआयडी ओळखपत्र येते. ठरलेल्या वारी सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी हजर राहावे लागते. पहाटेची एस.टी. पकडून आम्ही गेलो. मुलाला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसविले; त्याने जवळजवळ शेवटची ओळ वाचली. तीन मिनिटांत ‘पात्र नाही’ असा निकाल लागला. परतीच्या गाडीत मुलगा म्हणाला, “बाई, मी मुद्दाम चुकीचं वाचायला पाहिजे होतं का?” बारा वर्षांच्या मुलाला हे विचारावे लागते, त्या व्यवस्थेबद्दल अधिक काय लिहावे!

वाट दाखविली ती गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनी. अख्खा तालुका हिंडणारा हा कंत्राटी माणूस. त्याने सांगितले की, कायदा नजरेची तीक्ष्णता मोजतो तसा तिचा विस्तारही मोजतो. दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असेल तर अक्षरे कितीही स्पष्ट वाचता आली तरी ती अल्पदृष्टीच होय, आणि १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. त्यासाठी वेगळ्या यंत्रावर तपासणी करावी लागते. डॉक्टर तिला ‘फील्ड’ म्हणतात. पहिल्या रुग्णालयात ते यंत्रच नव्हते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ती तपासणी झाली, नियमाच्या पानाची झेरॉक्स जोडून पुन्हा अर्ज केला आणि चौथ्या खेपेला दाखला हाती आला. एका माणसाला ठाऊक असलेली एक ओळ! ती भिंतीवर का लावलेली नसते?

दाखल्याने काय मिळते, हे पालकांना क्वचितच कोणी सांगतो. शिक्षणहक्क कायद्याची वयोमर्यादा १४ वर्षांची आहे. मात्र १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो शेजारच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवडही त्याचीच आहे. म्हणजे नववीपासून पुढे, गळतीच्या ऐन वयात, हा कायदा कामी येतो. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. वाचन-लेखनातील अक्षमताही त्यांत आली. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळू शकतो, पण त्यासाठी शाळेने मंडळाकडे वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. परीक्षेच्या आदल्या महिन्यात धावपळ करून उपयोग नसतो.

एक गोष्ट मला राहून राहून जाणवते. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला; तोवर जातीचे आणि अपंगत्वाचे विषय सामाजिक न्याय विभागाच्या एकाच छपराखाली होते. जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीत आपण वसतिगृहाच्या अनुदानासाठी, शिष्यवृत्तीसाठी वर्षानुवर्षे खेटे घातले. शासननिर्णयाचा क्रमांक आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ. शेजारच्या टेबलावर काय चालते, हे मात्र आपण फारसे विचारले नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४६ चा उल्लेख आपल्या प्रत्येक सभेत होतो. अनुच्छेद ४१ मध्ये शिक्षणाच्या हक्काबरोबरच विकलांगतेच्या स्थितीतील साहाय्याचाही उल्लेख आहे, तो भाषणांत मी क्वचितच ऐकला आहे. कुबड्या आणि व्हीलचेअर वाटपाचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे छापून येतात. त्या वस्तूंची गरज नाही असे नाही. पण बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते मुलांना राहून शिकता यावे म्हणून. वाटप आणि वसतिगृह यांतला फरक आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

शाळेत करावयाच्या गोष्टींना फारसा खर्च आला नाही. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारला, शौचालयाच्या वाटेवर दिवा लावला, वाटेत बादल्या ठेवायच्या नाहीत असा नियम केला. पंगतीत तो मुलगा आता टोकाला बसतो. पांढऱ्या काठीला त्याने वर्षभर विरोध केला. आता रात्री तरी ती घेतो. ब्रेल शिकवावे की नाही, यावर मतभेद झाले. डोळ्याने वाचणाऱ्या मुलाला बोटाने वाचायला लावणे वडिलांना अभद्र वाटे. विशेष शिक्षकांचे म्हणणे असे की, नजर असताना शिकलेली लिपी पुढे उपयोगी पडते. शेवटी मुलानेच ठरविले, आठवड्यातून दोन दिवस. मोबाइलवर बोलणारा वाचक मात्र त्याने स्वतःच आत्मसात केला, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचा पत्ताही त्यानेच काढला.

गेल्या वर्षी आम्ही सर्व वर्गांची प्राथमिक चाचणी घेतली. एनसीईआरटीने २०२२ मध्ये शिक्षकांसाठी काढलेली ‘प्रशस्त’ ही निरीक्षणसूची हाताशी होतीच. त्यावरून निदान करायचे नसते, तपासणीला कोणाला पाठवायचे एवढेच कळते. पाचवीतील एका मुलीचा कान कित्येक महिने वाहत होता. ती ‘मंद’ नव्हती, तिला ऐकू कमी येत होते, आणि औषधोपचाराने पुष्कळ सुधारणा झाली. प्रवेशअर्जात आता दृष्टी, श्रवण, चालणे आणि वाचन यांविषयी चार साधे प्रश्न घातले आहेत. पालक प्रथम ‘काही नाही’ असेच लिहितात. मग मावशींना जवळ बसवून आम्ही पुन्हा विचारतो.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. लेखनिक घ्यायचा की नुसता जादा वेळ, हे तो अजून ठरवितो आहे. मंडळाच्या अर्जात मात्र दोन्ही मागितले आहेत. त्याची धाकटी बहीण जूनमध्ये आमच्याकडे दाखल झाली. सायंकाळी मैदानावरून परतताना ती मैत्रिणीचा हात धरते. दिवाळीच्या सुटीत तिची फील्ड तपासणी ठरली आहे, आणि या खेपेचे सारे कागद आईनेच भरले आहेत.