ताकिले बेटावरची टोपी

विणकाम म्हणजे बायकांचं काम, असं आपल्याकडे कुणी म्हटलं तर त्याला ताकिले बेटाची गोष्ट जरूर सांगा. पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरात हे चिमुकलं बेट आहे. लांबी जेमतेम साडेपाच किलोमीटर, वस्ती सुमारे दोन हजार. इथे बायका सूत काततात, मागावर पट्टे विणतात आणि सुया असतात त्या पुरुषांच्या हातात! चालता चालता, गप्पा मारता मारता बाप्ये टोप्या विणत असतात. सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा सुया धरायला शिकतो.

इथे यायचं तर लिमाहून विमानाने हुलियाका, तिथून मोटारीने पुनो आणि पुढे लाँचने सुमारे तीन तास. सरोवर समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. म्हणून पुनोत एक-दोन दिवस विसावा घ्या, मगच लाँचमध्ये बसा. धक्क्यावरून गावात जायला पाचशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, आणि बेटावर मोटारी नाहीत. दम लागला तर थांबा. 'मुन्या' नावाच्या पुदिन्यासारख्या वासाच्या पाल्याचा गरम चहा मिळतो, तो घ्या. दुपारी ऊन चटके देतं आणि रात्री थंडी हाडात शिरते. टोपीशिवाय इथे भागतच नाही.

कान झाकणाऱ्या या उंच, निमुळत्या टोपीला 'चुल्यो' म्हणतात. तिचा वरचा भाग पांढरा असेल तर तो तरुण अविवाहित, आणि टोपी वरपर्यंत लाल नक्षीची असेल तर लग्न झालेला. म्हणजे मंगळसूत्र जणू पुरुषाच्या डोक्यावर! आणि परीक्षा केवढी कडक! मुलगी मागायला आलेल्या तरुणाच्या टोपीत होणारा सासरा पाणी ओतून बघतो, असं सांगतात. वीण घट्ट असेल तर पाणी ठरतं; गळलं तर मुलाच्या चिकाटीविषयीच शंका. मुलगीही मागे नसते. ती नवऱ्यासाठी स्वतःचे केस गुंफून कमरपट्टा विणते, असं म्हणतात.

ही वीण येते कशी? पाच बारीक सुयांवर, गोल. धागा मानेवरून घेतात, त्यामुळे ताण सारखा राहतो. उलट बाजू स्वतःकडे ठेवून विणतात, म्हणजे रंगीत धागे डोळ्यासमोर राहतात. २००५ साली युनेस्कोने या कलेचा गौरव केला. चौकात गावाचं सामाईक दुकान आहे. घ्यायची तर टोपी तिथूनच घ्या. पुनोच्या बाजारात यंत्रावरच्या टोप्या स्वस्त मिळतात, पण त्यांच्यात वीस-वीस वर्षांचा हात नसतो.

आणि प्रत्येक टोपी ज्याच्या-त्याच्या डोक्याची! आपणही तसं का करू नये? थंडीच्या गावी निघालेल्या मुलाला, चारधामला जाणाऱ्या सासूबाईंना बाजारची माकडटोपी एकतर आवळते नाहीतर डोळ्यांवर येते.

आधी कपाळावरून फीत फिरवून डोक्याचा घेर मोजा. समजा ५६ सेंमी आला. टोपी ताणून बसली पाहिजे, म्हणून ५ सेंमी कमी करा : ५१. मग हव्या त्याच लोकरीचा, हव्या त्याच नक्षीचा तुकडा विणा. हा तुकडा विणायचा कंटाळा करू नका! १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी बसल्या, तर ५१ सेंमीला ११२ टाके. ८ टाक्यांची नक्षी घेतली की बरोबर १४ वेळा बसते. आकडा जमत नसेल तर एक-दोन टाके इकडे-तिकडे करा.

उंचीसाठी एका कानाच्या पाळीपासून माथ्यावरून दुसऱ्या पाळीपर्यंत मोजून निम्मे करा. ४० आले तर २०. पहिले ११ सेंमी सरळ विणा. मग टाक्यांचे १४-१४ चे आठ भाग करा आणि एक गोल सोडून प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणा. तेरा वेळा असं केलं की आठ टाके उरतात. त्यांतून धागा ओवून घट्ट ओढा. कानपट्ट्या हव्या असतील तर खालच्या कडेवर पुढे ४०, मागे २८ टाके सोडून दोन्ही बाजूंना २२-२२ टाके उचला आणि एकाआड एक ओळीत दोन्ही टोकांना एकेक कमी करत जा. रंगीत धागा मागून नेताना ओढू नका, नाहीतर सगळं मोजमाप फुकट.

पाण्याची परीक्षा मात्र घ्यायची नाही हं! आणि घरात सात-आठ वर्षांचा मुलगा असेल, तर पहिला तुकडा त्याच्याकडूनच विणून घ्या. ताकिलेच्या मुलांना जमतं, ते आपल्या बाळूला का जमू नये?